शंभरावे माकड आणि कोशिमाच्या मितोबाई

१/ एका जपानी बेटावरील माकडे रताळी धुऊन खाऊ लागली. धुणाऱ्यांची संख्या शंभरावर पोहोचताच दूरच्या बेटांवरील माकडांनाही ही विद्या आपोआप अवगत झाली! ही कथा प्रेरणादायी व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. त्यातले बेट खरे, माकडे खरी, रताळीही खरी. शंभरावे माकड मात्र कधीच नव्हते. हे खात्रीने सांगता येते त्याचे मोठे श्रेय एका शाळाशिक्षिकेकडे जाते.

२/ क्यूशूच्या मियाझाकी प्रांतात, किनाऱ्यापासून जेमतेम काहीशे मीटर अंतरावर कोशिमा हे लहानसे रानव्याप्त बेट आहे. तेथील माकडांच्या अधिवासाला १९३४ मध्येच राष्ट्रीय संरक्षण लाभले होते. १९४८ च्या अखेरीस क्योतो विद्यापीठाचे किंजी इमानिशी आपल्या तरुण सहकाऱ्यांसह तेथे पोहोचले.

३/ अभ्यासक येत आणि परत जात. कायमची वस्ती तेथेच असलेल्या सात्सुए मितो (जन्म १९१४) या स्थानिक शिक्षिकेने मात्र या कळपाला जन्माचे सोबती मानले. पुढील सुमारे अर्धशतक त्या माकडांची देखभाल आणि निरीक्षण करीत राहिल्या.

४/ आरंभी माकडे माणसाची चाहूल लागताच रानात पसार होत. त्यांना उघड्यावर आणण्यासाठी रताळी व गहू ठेवले जाऊ लागले. १९५२ मध्ये माकडांनी हे अन्न स्वीकारले. तेव्हा कळपात २० माकडे होती. प्रत्येकाला नाव मिळाले, कोण कोणाचे पिल्लू याची नोंद होऊ लागली. प्राण्यांना नावे देणे त्या काळी अनेक पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना अशास्त्रीय वाटे.

५/ सप्टेंबर १९५३. दीड वर्षाच्या एका मादीने वाळूने माखलेले रताळे ओहोळाच्या पाण्यात बुडवले आणि माती चोळून काढली. हे प्रथम टिपले ते मितोबाईंनी. क्योतोच्या संशोधकांना त्याचे महत्त्व तत्काळ उमगले. कारण प्राण्यांतही संस्कृती असू शकते, असा विचार इमानिशी यांनी १९५२ मध्येच मांडला होता. या मादीचे नाव इमो. जपानी भाषेत इमो म्हणजे रताळे किंवा तत्सम कंद.

६/ ही युक्ती प्रथम इमोच्या सवंगड्यांनी आणि आईने उचलली. १९५६ मध्ये इमोने आणखी एक शोध लावला. वाळूत मिसळलेले गहू ती मूठभर उचलून पाण्यात टाकू लागली. वाळू तळाशी जाई, दाणे तरंगत.

७/ मासाओ कावाई यांच्या १९६५ च्या शोधनिबंधातील आकडे पाहा. १९५८ पर्यंत दोन ते सात वर्षे वयाच्या १९ माकडांपैकी १५ रताळी धूत होती. त्याहून मोठ्या ११ प्रौढांपैकी केवळ २, आणि त्या दोन्ही माद्या. प्रौढ नरांपैकी एकही नाही. पुढे ही सवय आईकडून पिल्लाकडे, घराण्याघराण्यांतून उतरत गेली.

८/ १९६२ मध्येही संपूर्ण कळप ५९ माकडांचाच होता. मग ‘शंभरावे’ आले कोठून? लायल वॉटसन यांच्या १९७९ च्या ‘लाइफटाइड’ या ग्रंथातून. पुढे केन कीज यांच्या पुस्तकाने ते जगभर नेले. १९८५ मध्ये तत्त्वज्ञ रॉन अमंडसन यांनी मूळ निबंध तपासून ही दंतकथा मोडीत काढली.

९/ परंतु खरा आक्षेप वेगळाच होता. रताळी धुणाऱ्या माकडांनाच अधिक खाऊ मिळत असावा आणि त्यामुळे सवय पसरली असावी, अशी शंका काही शास्त्रज्ञांनी घेतली. म्हणजे ज्या हातांनी माकडे जवळ आली, तेच हात पुरावा दूषित करणारे ठरत होते! प्रदीर्घ निष्ठेवरचा हा आरोप गंभीर होता.

१०/ फ्रान्स डी वाल या प्राणिवर्तनतज्ज्ञाने कोशिमाला जाऊन वृद्ध मितोबाईंनाच याविषयी विचारले. त्यांचे उत्तर कळपाच्या रीतीवर आधारलेले होते: खाऊ देताना वरचढ माकडांना डावलताच येत नाही. प्रथम मान बलाढ्य नरांचा, आणि तेच तर धुणे शिकले नाहीत! खाऊच्या आमिषाने विद्या पसरली असती, तर ती आधी त्यांना यायला हवी होती.

११/ अनुकरणाचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांत पुढेही वाद झाले. तो वाद शक्य झाला तोच मुळी वर्षानुवर्षे नावानिशी नोंदी ठेवल्या गेल्या म्हणून. दंतकथेतली विद्या संख्या भरताच हवेतून पसरते. कोशिमात मात्र एकेका माकडाने ती दुसऱ्याच्या सहवासात आत्मसात केली, आणि कोणीतरी किनाऱ्यावर थांबून ते पाहत होते.

१२/ मितोबाईंनी या माकडांवर पुस्तकही लिहिले. २०१२ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. इमोची कीर्ती पाठ्यपुस्तकांत पोहोचली. तिला प्रथम टिपणाऱ्या शिक्षिकेचे नाव मात्र त्यांत क्वचितच आढळते. पुढच्या वेळी कोणी शंभराव्या माकडाची गोष्ट सांगू लागले, तर पहिल्या माकडाची आणि मितोबाईंची गोष्ट अवश्य सांगावी.