येरवड्याच्या आंब्याखाली

काल आपण चोखोबारायांचं चरित्र ऐकलं. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना कूस कोसळलं, चोखोबा त्याखाली गेले, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. दारासमोर, बरं का. दाराच्या आत नाही. काल कीर्तन संपल्यावर एका माउलींनी मला विचारलं, "महाराज, मग ते दार उघडलं कधी?" प्रश्न एका ओळीचा आहे. पण उत्तर द्यायचं तर पंढरी सोडून पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगात जावं लागतं. आज तिकडेच जाऊ.

साल १९३२. इंग्रज सरकार हिंदी लोकांच्या हाती थोडा कारभार द्यायला निघालं होतं. प्रांताप्रांतात कायदेमंडळं होणार, निवडणुका होणार. मग त्यात कुणाच्या किती जागा? देणारा परका आणि घेणाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास नाही, अशी ती वाटणी. आदल्या वर्षी लंडनला गोलमेज परिषदेत महात्माजी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर समोरासमोर बसले, आणि तिथं त्यांचं जमलं नाही.

वाद कशाचा होता, ते नीट समजून घ्या. गावात शंभर मतदार आहेत असं धरा. त्यातले दहा अस्पृश्य. आता अस्पृश्यांसाठी एक जागा राखली, पण मत शंभरांनी द्यायचं ठरलं, तर निवडून कोण येईल? नव्वदांना जो चालेल तो! माणूस आमचा, पण निवड तुमची. बाबासाहेब म्हणत होते, आमचा माणूस आम्हालाच निवडू द्या. याला नाव होतं स्वतंत्र मतदारसंघ. महात्माजींचं म्हणणं निराळं. मुसलमान उद्याही मुसलमान राहणार, शीख शीख राहणार. पण अस्पृश्यानं कायम अस्पृश्यच राहावं काय? हा भेद तर पुसायचा आहे, आणि मतदारयादीत वेगळी रेघ ओढली की तो पक्का होईल, असं त्यांना वाटे.

दोघांचंही ऐकताना खरं वाटतं की नाही? मला तर दर वेळी वाटतं. पण एक विसरू नका. तेव्हा नाशकात काळारामाच्या दारात सत्याग्रह चालू होता. १९३० च्या मार्चपासून माणसं दाराशी होती आणि दार बंद होतं. भेद पुसू म्हणणारे पुष्कळ होते. दाराची कडी काढणारा सापडत नव्हता. बाबासाहेबांच्या शब्दांना जी धार होती, ती तिथली होती. त्यांच्या घरात रमाबाईंना पंढरीची केवढी ओढ! विठोबाचं दर्शन घ्यायचं म्हणायच्या. बाबासाहेब त्यांची समजूत घालत, की जिथं तुला लांब उभं करतात तिथं कशाला जायचं. आपण आपल्या करणीनं दुसरी पंढरी उभी करू. ही गोष्ट सांगताना माझा वारकऱ्याचा गळा दाटतो. ती ओढ आमच्यासारखीच होती, आणि आडवे आलो ते आम्हीच.

असो. ऑगस्टमध्ये पंतप्रधान मॅकडोनल्ड यांचा निवाडा आला. अस्पृश्यांना प्रांतांत ७१ जागा, स्वतंत्र मतदारसंघ, आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही एक मत. म्हणजे दोन मतं. महात्माजी येरवड्याला कैदेत होते. त्यांनी कळवून टाकलं, की हा स्वतंत्र मतदारसंघ रद्द झाला नाही तर २० सप्टेंबरला दुपारी अन्न सोडीन. वय ६२. देश हादरला.

आता बाबासाहेबांच्या जागी स्वतःला उभं करून बघा. हातात आलेला हक्क सोडावा, तर आपल्या माणसांचं काय? न सोडावा आणि महात्माजींचं काही बरंवाईट झालं, तर गावोगावच्या वस्त्यांवर लोकांचा राग कसा कोसळेल? गावकुसाबाहेरच्या झोपडीला कसलं आलंय संरक्षण! काही मंडळी याला प्रेमाचं दडपण म्हणतात, काही नुसतं दडपण म्हणतात. मी महात्माजींच्या पायाशी डोकं ठेवणारा माणूस आहे, तरी सांगतो, ज्याच्यावर ते पडलं होतं त्याला ते दडपणच होतं.

१९ तारखेला मुंबईत पुढारी जमले. पंडित मदनमोहन मालवीय अध्यक्ष. तेजबहादूर सप्रू, बॅरिस्टर जयकर, राजगोपालाचारी, राजेंद्रबाबू असे मोठे मोठे लोक. अस्पृश्य पुढाऱ्यांतही एकमत नव्हतं. मद्रासचे एम. सी. राजा आधीपासून संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. आपले क्रिकेटवाले पाळवणकर बाळू, त्यांचंही मत तिकडेच. वाट काढली सप्रूंनी. ते वकील माणूस! ते म्हणाले, निवडणूक दोन पायऱ्यांची करा. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी आपले चार उमेदवार निवडायचे, मग त्या चौघांतून एकाला सगळ्यांनी मिळून निवडायचं.

मग मंडळी पुण्याला आली. तुरुंगाच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली खाट टाकलेली, तिच्यावर महात्माजी. आवाज खोल गेलेला. बाबासाहेब जवळ बसले आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, मला माझ्या समाजासाठी मोबदला हवा. कसलं आर्जव नाही, कसली स्तुती नाही. महात्माजींनीही राग मानला नाही. तुम्ही जन्मानं अस्पृश्य आहात, मी मनानं झालोय, अशा अर्थाचं काही ते बोलले.

मग आकड्यांची ओढाताण. बाबासाहेबांनी मागितल्या होत्या १९७ जागा. ठरल्या १४८. निवाड्यातल्या ७१ च्या दुपटीहून जास्त! त्यात मुंबई प्रांताला १५. मध्यवर्ती कायदेमंडळात सर्वसाधारण जागांपैकी शेकडा १८. शिक्षणासाठी प्रत्येक प्रांतानं वेगळी रक्कम राखायची. घोडं अडलं ते शेवटच्या कलमावर. राखीव जागा संपवायच्या की नाही, हे अस्पृश्यांच्या मतानं ठरवायचं. पण ते मत कधी घ्यायचं? बाबासाहेब म्हणाले, दहा वर्षांनी. महात्माजी पाच वर्षांवर अडून बसले. इकडे नाडी क्षीण होत चाललेली. शेवटी मुदतच काढून टाकली, आणि पुढं परस्परांच्या संमतीनं ठरवावं असं लिहिलं. कित्येक तडजोडी अशाच होतात बघा, न सुटलेली गाठ पुढच्यांच्या हाती देऊन.

२४ सप्टेंबर, शनिवार. सह्या झाल्या. सरकारची मान्यता आल्यावर सोमवारी संध्याकाळी उपास सुटला. कस्तुरबांनी संत्र्याचा रस दिला. रवींद्रनाथ ठाकूर जवळ होते, ते गायले.

इथं कथा गोड करून सोडणारे कीर्तनकार आहेत. मी सोडत नाही. पुढं १९४५ साली बाबासाहेबांनी आख्खं पुस्तक लिहून काँग्रेसचा आणि गांधीजींचा हिशेब मांडला. त्यांचा मुद्दा असा, की चौघांपैकी समाजाला जो सर्वांत कमी पसंत, तोच चौथा माणूस बाकीच्यांच्या मतांवर निवडून येऊ शकतो. मघाशी मांडलेलं गणित आठवा. नव्वद आणि दहा. ते गणित करारातही पुरतं सुटलं नव्हतं.

आणि दार? सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईच्या सभेनं ठराव केला, की विहिरी, शाळा, रस्ते सगळ्यांना खुले व्हावेत आणि देवळांची बंदीही लवकर उठावी. उपासाच्या त्या दिवसांत पुष्कळ देवळं उघडलीही. पण कायदेमंडळातल्या खुर्च्या १९३७ च्या निवडणुकीत भरल्या, आणि पांडुरंगाचं दार त्यानंतरही दहा वर्षं तसंच होतं. त्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, दहा दिवस उपाशी राहावं लागलं. माउली, काल तुम्ही विचारलंत ना, ते हे.

माझे आजोबा त्या वर्षीच्या आषाढीला दिंडीत होते. आमच्या गावचा एक म्हातारा दर साल दिंडीच्या मागं, अंतर राखून चालायचा आणि चोखोबांच्या समाधीला डोकं टेकून परत फिरायचा. त्या साली तो आजोबांबरोबर आत गेला. आम्ही पोरं आजोबांना पुन्हा पुन्हा विचारायचो, तो आत काय म्हणाला, रडला का? आजोबा एवढंच सांगायचे, "काही बोलला नाही. गर्दी फार होती. मी त्याचा हात धरला होता."

विठ्ठल, विठ्ठल.