तहातले एक कलम

पिनरला दर नोव्हेंबरात युद्धात पडलेल्यांसाठी स्तब्ध उभे राहताना आम्हाला हटकून श्रीरंगपट्टणचा तह आठवतो. १७९२ साली इंग्रज, निजाम व मराठे या तिघा विजेत्यांनी टिपूपुढे अटी ठेवल्या: निम्मे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि दोन मुलगे ओलीस. मुलुखाची वाटणी सारखी करायची, हे त्यांचे १७९० सालीच ठरले होते. मराठ्यांकडून हरिपंत फडके होते. वर्गात आम्ही एवढेच शिकवीत असू.

कैद्यांचे कलम मात्र राहून जाई. हैदराच्या काळापासूनचे सारे कैदी सोडावेत, असे ते होते. वास्तविक १७८४च्या मंगळूरच्या तहातही कैदी परत करण्याचे ठरले होते. तरी पुन्हा मागावे लागले!

आपले सामाजी हसाजी दिवेकर त्या आधीच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले. 'बेने इस्राएल' हे नाव ऐकून टिपूच्या आईने त्यांना वाचविले, असे आपले वडीलधारे सांगत. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत शार हारहमीम बांधले. आपली 'जुनी मशीद' ती हीच.

ओलीस दिलेले मुलगे आठ-दहा वर्षांचे होते. ते १७९४ साली घरी परतले.