‘तमस’चा प्रेक्षक : एक मालिका, दोन न्यायालये आणि एक जुना प्रश्न

१/ भयावह भविष्याचे चित्र रंगवणाऱ्या एखाद्या मालिकेचा एखादा भाग गाजला की प्रेक्षकांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, हे दाखवायलाच हवे होते. दुसरा म्हणतो, असले पाहून लोक बिथरतील. हा वाद मोबाइलच्या पडद्याबरोबर जन्मलेला नाही. तो एकदा मुंबईच्या उच्च न्यायालयात आणि पुढे दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात लढला गेला आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ आरंभी थोडे बाहेर पाहू. १२ डिसेंबर १९५४ रोजी बीबीसीने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीचे नाट्यरूप प्रक्षेपित केले. छळाची दृश्ये पाहून अनेक प्रेक्षकांनी तक्रारी केल्या; ब्रिटिश संसदेत त्याविरुद्ध आणि त्याच्या बाजूनेही प्रस्ताव आले. तरीही चारच दिवसांनी ते पुन्हा सादर झाले आणि या वेळी सुमारे ७० लाख लोकांनी ते पाहिले.

३/ ऑर्वेलचे दुःस्वप्न काल्पनिक होते. आपल्याकडे असाच वाद उठला तो घडून गेलेल्या दुःस्वप्नावरून. जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘तमस’ सुरू झाली. विषय होता फाळणीपूर्वीच्या पंजाबातील दंगली. त्या काळी घरोघरी वाहिनी एकच असे. रविवारी सकाळी ‘रामायण’ पाहणारा प्रेक्षकच ‘तमस’ही पाहत होता.

४/ ‘तमस’ची गोष्ट रावळपिंडीच्या परिसरातली असली, तरी तिचे एक मूळ महाराष्ट्रात आहे. मे १९७० मध्ये भिवंडीत भीषण दंगल झाली. तिची चौकशी पुढे न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. दंगलीनंतर लेखक भीष्म साहनी आपले बंधू बलराज साहनी यांच्यासोबत भिवंडीला गेले होते. यंत्रमागांच्या त्या गावातील जळालेली घरे आणि ओस पडलेल्या गल्ल्या पाहताना त्यांना मार्च १९४७ ची रावळपिंडी आठवली.

५/ रावळपिंडीत ते स्वतः काँग्रेसच्या मदतकार्यात होते. तिथे पाहिलेले सुमारे पाव शतक मनात साठून राहिले होते. भिवंडीने त्याला वाट करून दिली. १९७३ मध्ये ‘तमस’ ही हिंदी कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९७५ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक निहलानी यांचा जन्म १९४० चा, कराचीतला. फाळणीत त्यांच्या कुटुंबालाही घर सोडावे लागले होते.

६/ मालिकेचा आरंभच अंगावर येणारा आहे. कातडी कमावणारा नत्थू (ओम पुरी) एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून, पैशांसाठी, रात्रभर झटून एक डुक्कर मारतो. त्याला सांगितलेले असते की ते डॉक्टरसाहेबांना हवे आहे. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर पडलेले आढळते. पुढे शहर पेटते आणि नत्थूला उमगत जाते की आपल्या हातून काय करवून घेतले गेले.

७/ दुसरा न विसरता येणारा प्रसंग विहिरीचा. हल्लेखोर जवळ आल्यावर शीख स्त्रिया एकापाठोपाठ एक विहिरीत उड्या घेतात. त्यांच्यातील जसबीरची भूमिका उत्तरा बावकर यांनी केली. हा प्रसंग निव्वळ कल्पनेतला नाही. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा गावात नव्वदच्या आसपास स्त्रियांनी असाच जीव दिला होता.

८/ मालिकेची प्रशंसा झाली, तसा विरोधही उसळला. काहींच्या मते तिने आपल्या समाजाला दोषी ठरवले होते. असे म्हणणारे एकाच धर्माचे नव्हते. काहींचे म्हणणे होते की जुन्या जखमांची खपली काढू नये. प्रक्षेपण थांबवावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली आणि प्रारंभी स्थगितीही मिळाली.

९/ विरोधकांची भीती अनाठायी होती असे म्हणून मोकळे होता येणार नाही. मे १९८४ मध्ये भिवंडी आणि मुंबई पुन्हा पेटली होती. १९८७ मध्ये मेरठ पेटले होते. अशा वातावरणात दंगलीची दृश्ये घराघरांत दाखवावीत का, हा प्रश्न रास्त होता. वाद त्याच्या उत्तराचा होता, आणि ते उत्तर प्रेक्षकाविषयीच्या समजुतीवर अवलंबून होते.

१०/ प्रकरण न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्यापुढे आले. त्यांनी जे केले ते साधे होते, पण मोलाचे होते. निकाल देण्याआधी त्यांनी संपूर्ण मालिका बसून पाहिली. एखादे दृश्य निवडून नव्हे, आरंभापासून अखेरपर्यंत. त्यानंतर त्यांनी स्थगिती उठवली. दोन्ही बाजूंचे अतिरेकी सामान्य माणसाला कसे वापरतात हे मालिका उघड करते, असा त्यांच्या मताचा आशय होता.

११/ निरक्षर प्रेक्षक भडकेल, या युक्तिवादालाही न्यायालयाने उत्तर दिले. निरक्षर माणूस म्हणजे अक्कल नसलेला माणूस नव्हे. डाव पडद्यावर उलगडून दाखवला तर तो त्यालाही कळतो, असा त्या उत्तराचा मथितार्थ. माझ्या मते या निकालपत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ हीच.

१२/ दरम्यान सर्वोच्च न्यायालयातही याचिका दाखल झाली. मालिकेमुळे सार्वजनिक सुव्यवस्था बिघडेल आणि समाजासमाजांत वैर वाढेल, असे तिचे म्हणणे होते. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी आणि न्यायमूर्ती एस. रंगनाथन यांनी ती फेटाळली. चलच्चित्राचा परिणाम छापील शब्दापेक्षा तीव्र असतो, हे त्यांनी मान्य केले. पण हिंसेचे दृश्य मन ढवळत असेल, तर त्यामागचे स्वार्थ उघडे पाडणारे दृश्यही तितकाच खोल ठसा उमटवते, असे त्यांनी नोंदवले.

१३/ इथे नागपूर येते. परिणाम कोणाच्या मनावर मोजायचा, हे ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने नागपूर उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालाचा आधार घेतला. ब्रिटिश अमदानीच्या अखेरीस भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटले होते की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या मापाने मोजावा. डळमळीत मनाच्या, किंवा प्रत्येक विरोधी मतात संकट हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे.

१४/ याच निकालपत्रात इंग्रजी कायद्यातील एका प्रसिद्ध माणसाचा उल्लेख आहे : लंडनच्या क्लॅफम भागात बसच्या वरच्या मजल्यावर बसलेला सामान्य प्रवासी. तो पंडित नाही आणि माथेफिरूही नाही. कायदा त्याच्या नजरेने जग पाहू इच्छितो. भिवंडीत अंकुरलेल्या, रावळपिंडीत घडणाऱ्या कथेला नागपूरचे माप आणि लंडनचा प्रवासी, असा हा योग.

१५/ आता थोडे घरचे. मी कासारवाडीत वाढलो. लोकलने पुढचे स्टेशन पिंपरी. तिथल्या कॅम्पात फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबे वसली. माझी आजी त्या कुटुंबांतली नव्हे. ती गावाकडून कारखान्याच्या पट्ट्यात आलेली, अंगठा उठवणारी बाई. ‘तमस’ तिने शेजारच्या खोलीत, दाटीवाटीने बसून पाहिली. मालिकेतील निम्मी भाषा तिला कळली नसावी.

१६/ इतिहासाला प्रवेश घेतल्यावर मी तिला विचारले, काय आठवते? मारणारा कोण आणि मेला कोण, यातले ती काही बोलली नाही. तिने मलाच विचारले, “पैसं देणारा घावला का रं शेवटी?” आजी, नाही घावला. उलट कादंबरीच्या अखेरीस तोच माणूस शांततेचे आवाहन करणाऱ्या बसमध्ये बसून एकोप्याच्या घोषणा देताना दिसतो.

१७/ एका आजीच्या आठवणीवरून इतिहासाचा सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण न्यायमूर्तींनी ज्या प्रेक्षकावर विश्वास टाकला, तो मला त्या प्रश्नात भेटला. जिच्या नावाने ‘लोक बिथरतील’ असे म्हटले जात होते, तिने पडद्यावरच्या रक्तापलीकडे पाहून नेमका पैसा कुठून आला ते हेरले होते.

१८/ ‘तमस’मुळे दंगली थांबल्या का? नाही. पाचच वर्षांच्या आत, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळाली. मालिकेकडून तेवढी अपेक्षा धरणेच अन्यायाचे. ३५व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मात्र ती राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरली. वनराज भाटिया यांना संगीतासाठी, तर हरनामसिंगाला आसरा देणारी राजो साकारणाऱ्या सुरेखा सिक्री यांना साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. हरनामसिंगाच्या भूमिकेत स्वतः भीष्म साहनी होते.

१९/ काय दाखवावे आणि काय दाखवू नये, याचा प्रत्येक निर्णय मुळात प्रेक्षक कोण आहे याविषयीचा निर्णय असतो. त्याला जमाव मानले की बंदी सुचते. माणूस मानले की संवाद सुचतो. १९८८ च्या न्यायमूर्तींनी त्याला माणूस मानले आणि त्याआधी स्वतः संपूर्ण मालिका पाहण्याचे कष्ट घेतले. आज अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावरून निकाल देणाऱ्या आपल्याला हा दुसरा धडा अधिक लागू आहे.

२०/ क्लॅफमच्या त्या प्रवाशाला आपण पाहिलेले नाही. पण सकाळची पाळी गाठण्यासाठी कासारवाडीला लोकल पकडणारा माणूस आपण रोज पाहतो. त्याच्या समजुतीवर आपला किती विश्वास आहे, हे एकदा स्वतःला विचारून पाहावे. आपल्या घरी १९८८ मध्ये कोणी ‘तमस’ पाहिली असेल, तर त्यांना काय आठवते ते अवश्य विचारा आणि खाली लिहा. ही माणसे आहेत तोवरच हे साधन हाती आहे. धागा समाप्त.