कलम ८०जी (देणगीवरील करवजावट)
कलम ८०जी ही आयकर अधिनियम, १९६१ मधील धर्मादाय देणग्यांवर वजावट देणारी तरतूद होय. नवीन करप्रणाली स्वीकारणाऱ्यास ती मिळत नाही.

आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून मान्यताप्राप्त धर्मादाय संस्था देणगीदारांचा तपशील नमुना १०बीडी मध्ये आयकर विभागास कळवतात व नमुना १०बीई हे प्रमाणपत्र देतात. त्यावरील नाव, पॅन व रक्कम पडताळून ते जपून ठेवणे आवश्यक असते; नुसती पावती पुरत नाही. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगी व वस्तुरूप देणगी वजावटीस अपात्र ठरतात.

पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यातील कारखान्यांत मुख्यमंत्री सहायता निधीसाठी वेतनातून कपात झाल्यास, कामगाराच्या नावे स्वतंत्र पावती नसली तरी नियोक्त्याचे प्रमाणपत्र पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते.