भारतातील मानसिक आरोग्यसेवा : कोठडीपासून हक्कापर्यंत

प्रस्तावना

हिंदी भाषक प्रदेशात एखाद्याची टर उडवताना 'ह्याला आग्र्याला पाठवा' किंवा 'रांचीला पाठवा' असे म्हणतात. महाराष्ट्रात ठाणे आणि येरवडा, तर चेन्नईत किल्पॉक ही नावे त्याच अर्थाने घेतली जातात. ही सर्व मोठ्या मनोरुग्णालयांची ठिकाणे आहेत. उपचाराच्या जागेचे नाव चेष्टेचा विषय का व्हावे? आज अनेक विद्यार्थी मन अस्वस्थ असूनही मदत मागायला कचरतात. त्या संकोचाचे एक मूळ या सेवेच्या इतिहासात आहे.

1. वसाहतकालीन व्यवस्था

1858 मध्ये कंपनीची सत्ता संपून राणीचा कारभार सुरू झाला. त्याच वर्षी वेडेपणाविषयीचे कायदे संमत झाले आणि त्यांनुसार ठिकठिकाणच्या 'वेड्यांच्या इस्पितळां'ना एक चौकट मिळाली. या चौकटीचा भर उपचारापेक्षा बंदोबस्तावर होता. 'धोकादायक' किंवा बेवारस भटकणाऱ्या व्यक्तीला पोलिसांनी आणावे, दंडाधिकाऱ्याने आदेश द्यावा आणि संस्थेने तिला आत ठेवावे, अशी ही पद्धत होती. आजारी माणसाची गाठ डॉक्टरच्या आधी पोलिसाशी पडत असे.

1912 च्या कायद्याच्या काळात या संस्थांची देखरेख तुरुंग खात्याकडून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेली. पुढे त्यांना 'मनोरुग्णालय' म्हटले जाऊ लागले. नाव बदलले, तरी उंच भिंती आणि दंडाधिकाऱ्याचे आदेश कायम राहिले.

याच काळात एक वेगळी वाटही दिसते. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. 1933 मध्ये तेथील एका सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. ताप-खोकल्याच्या रुग्णाप्रमाणे मनाचा रुग्णही केसपेपर काढून डॉक्टरला भेटू शकतो आणि त्याच दिवशी घरी परतू शकतो, ही त्या काळी नवी गोष्ट होती.

2. अमृतसरचे तंबू

1946 च्या भोर समितीच्या अहवालाने परिस्थिती उघड केली. सुमारे 40 कोटी लोकसंख्येसाठी मनोरुग्णालयांत केवळ 10 हजारांच्या आसपास खाटा होत्या. म्हणजे 40 हजार माणसांमागे एक खाट. बंगळूर येथे 1954 मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, तीच पुढे 'निम्हान्स' झाली. परंतु खाटांची ही तूट केवळ इमारती बांधून भरून निघणारी नव्हती.

अमृतसरच्या मनोरुग्णालयात 1950 च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. रुग्णालयात गर्दी होती आणि मनुष्यबळ अपुरे होते. त्यांनी आवारात तंबू उभारले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावले. कुटुंबीयांनी रुग्णाची देखभाल करायची, आजार समजून घ्यायचा आणि बरे झालेल्या माणसाला घरी न्यायचे. एरवी दाखल झालेला रुग्ण वर्षानुवर्षे आतच राहण्याची भीती असे; येथे घराशी त्याचे नाते तुटतच नव्हते. वेल्लोर येथेही त्याच दशकात नातेवाइकांना रुग्णासोबत ठेवून उपचार करण्यास सुरुवात झाली.

या प्रयोगाचे महत्त्व दुहेरी आहे. साधनांच्या टंचाईतून तो जन्मला, पण त्यातून एक तत्त्व हाती आले: माणूस बरा होतो तो आपल्या माणसांत. मात्र कुटुंबावर विसंबणाऱ्या व्यवस्थेत, ज्याला कुटुंब नाही किंवा ज्याच्या त्रासाचे कारणच कुटुंब आहे, त्याचे काय, हा प्रश्न उरतो.

3. रुग्णालयाकडून गावाकडे

1975 च्या सुमारास बंगळूरजवळील साकलवारा आणि हरियाणातील रायपूर राणी येथे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना मनोविकार ओळखण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. या अनुभवावर 1982 चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. बेल्लारी जिल्ह्यातील प्रयोगानंतर 1996 मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला.

तरीही जुनी व्यवस्था सहज सुटली नाही. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कोणताही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य आहे. त्याच वर्षी 1987 चा मानसिक आरोग्य कायदा अमलात आला आणि 1912 चा कायदा रद्द झाला. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. तेथील रुग्ण साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे पळू शकले नाहीत. 28 जणांचा मृत्यू झाला.

4. 2017 चा कायदा

29 मे 2018 पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भाषाच बदलली. सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा हक्क ठरला. साखळीने बांधण्यास बंदी आली. आजाराची माहिती गोपनीय राखणे बंधनकारक झाले. एखादी व्यक्ती समाजाच्या रूढ नैतिक किंवा धार्मिक समजुतींप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम 115 नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते; तिला शिक्षा नव्हे, तर काळजी आणि उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

कायदा आणि वास्तव यांतील अंतर मात्र मोठे आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे 10.6 टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे आढळले आणि त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. ऑक्टोबर 2022 पासून 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

समारोप

दीडशे वर्षांत मनोरुग्णाकडे पाहण्याची दृष्टी 'बंदोबस्त करण्याची व्यक्ती' येथपासून 'हक्क असलेली व्यक्ती' येथपर्यंत आली. समुपदेशकाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला आज कोणताही दंडाधिकारी अडवत नाही. तरीही 'लोक काय म्हणतील' ही भीती त्याला अडवते. ती भिंतींच्या काळातून आली आहे आणि केवळ कायद्याने जाणारी नाही. मित्राने झोप उडाल्याचे सांगितले, तर त्याला आग्रा-ठाण्याची नावे न ऐकवता सोबत डॉक्टरकडे जाणे, हे अमृतसरच्या तंबूंचेच पुढचे पाऊल ठरेल.

स्वाध्याय

1. 1912 आणि 2017 च्या कायद्यांतील दृष्टिकोनाची तुलना करा.
2. अमृतसरच्या प्रयोगाचे महत्त्व आणि मर्यादा स्पष्ट करा.
3. आपल्या राज्यातील एखाद्या मनोरुग्णालयाचा इतिहास शोधून त्यावर टिपण लिहा.