अटक झाली, पण नोंद कुणाकडे? घाशीराम कोतवाल ते कोथरूड पोलीस ठाणे

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त 'अं', 'म्हणजे ना' वगैरे काढलंय.

आजचा प्रश्न साधा आहे. आपल्या भागात एखाद्याला अटक झाली किंवा कुणाच्या नावाने कोर्टाचं वॉरंट निघालं, तर ते तुम्हाआम्हाला कळतं कसं? आज फोनवर पाच मिनिटांत बरंचसं कळतं. पण ही सोय सहज मिळालेली नाही. आणि त्या गोष्टीतले दोन मोठे प्रसंग तर आपल्या पुण्यातलेच आहेत.

पेशवाईपासून सुरू करू. शहराचा कारभार कोतवालाकडे. गस्त, चोऱ्यामाऱ्या, बाजारभाव आणि शहरात कोण आलं, कोण गेलं याची नोंद, हे सगळं त्याचं काम. म्हणजे डेटा होता बरं का! फक्त तो सरकारसाठी होता, लोकांसाठी नव्हता. घाशीराम कोतवाल हे नाव आपल्याला तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे माहीत असतं. पण घाशीराम खराखुरा माणूस होता आणि १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. ऑगस्ट १७९१ मध्ये पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी पकडून भवानी पेठेत एका कोंदट जागी डांबलं. सकाळपर्यंत आतले वीसच्या वर लोक गुदमरून मेलेले होते. सरदार मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडलं, तेव्हा बाहेर बोभाटा झाला. शहर पेटलं आणि ३१ ऑगस्टला जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यात काय बघायचं? आत कोण आहे, किती जण आहेत, कशासाठी धरलेत, हे त्या रात्री बाहेरच्या कुणाला विचारायची सोयच नव्हती. कुलूप तुटलं तेव्हाच 'रेकॉर्ड' उघडलं. तोवर उशीर झाला होता.

आता थेट १८९७. प्लेगचं वर्ष. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. पुढच्या महिन्यात दोन प्रकारच्या अटका झाल्या, आणि त्यांतला फरक फार शिकवणारा आहे.

पहिली लोकमान्य टिळकांची. २७ जुलैला मुंबईत, 'केसरी'तल्या लिखाणावरून, राजद्रोहाच्या कलम १२४ अ खाली. खटला मुंबई हायकोर्टात उघडपणे चालला आणि १४ सप्टेंबरला १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. निकाल अन्यायाचा वाटतो ना? वाटायलाच हवा. पण आरोप काय होता, न्यायमूर्ती स्ट्रॅची ज्युरीला काय म्हणाले, हे सगळं छापील स्वरूपात आजही वाचता येतं.

दुसरी अटक पुण्याच्या नातू बंधूंची, म्हणजे सरदार बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू यांची. त्यांना १८२७ च्या रेग्युलेशन २५ खाली धरलं. मुंबई इलाख्यातल्या या जुन्या नियमाप्रमाणे सरकारला वाटलं तर माणसाला खटला न चालवता कैदेत ठेवता यायचं. आरोपपत्र नाही, साक्षीपुरावा नाही, निकाल नाही. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले, पण नातूंचा गुन्हा नेमका कोणता हे कोर्टात कधी मांडलंच गेलं नाही. टिळकांच्या केसची फाइल आहे, म्हणून आपण सव्वाशे वर्षांनंतरही त्या निकालाशी भांडू शकतो. नातूंच्या बाबतीत भांडायचं कशाशी?

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये दोन गोष्टी पक्क्या झाल्या. अटकेचं कारण त्या माणसाला सांगायचं आणि २४ तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. छान. पण घरच्यांचं काय? रात्री नऊपर्यंत मुलगा घरी आला नाही, फोन लागत नाही, आईने कुठे विचारायचं?

याचं उत्तर यायला १९९४ उजाडलं. गाझियाबादच्या पोलिसांनी जोगिंदर कुमार नावाच्या एका तरुण वकिलाला बोलावून घेतलं आणि घरच्यांना त्याचा ठावठिकाणा कळेना. त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आपल्या अटकेची माहिती जवळच्या माणसाला कळवली जाणं हा अटक झालेल्याचा हक्क आहे. मग १९९६ मध्ये डी. के. बसू केसचा निकाल आला. कोठडीतल्या मृत्यूंबद्दल १९८६ मध्ये लिहिलेल्या एका पत्रातून ती केस उभी राहिली होती. त्या निकालाने नियमांची यादीच दिली. अटकेचा पंचनामा करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, तारीख-वेळ लिहा, नातेवाइकाला कळवा आणि कंट्रोल रूमच्या फलकावर माहिती लावा. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१ क आलं आणि फलक लावणं कायद्यातच बसलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ३७ आहे. त्यात एक भर पडली: अटक झालेल्यांची माहिती प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे दाखवायची, डिजिटल पद्धतीनेसुद्धा.

इतिहास झाला. आता समजा, आपण कोथरूडमध्ये आहोत. बघायचं कसं?

पहिली पायरी एफआयआर. २०१६ मध्ये यूथ बार असोसिएशनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एफआयआर साधारण २४ तासांत वेबसाइटवर टाकायची. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जा, जिल्ह्याच्या जागी पुणे शहर निवडा, पोलीस ठाणे कोथरूड, तारखा टाका. लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील केसेस तिथे मिळणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. याच पोर्टलवर अटक आरोपींची माहितीसुद्धा शोधता येते. पेपरात 'गु. र. नं.' वाचता ना? तो गुन्हा रजिस्टर नंबर, वर्षासकट, लिहून ठेवा. पुढे तोच कामाला येतो.

दुसरी पायरी ई-कोर्ट्स. वेबसाइट आहे, ॲपही आहे. आणि अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे देशभरच्या खालच्या कोर्टांत चालणारं केस इन्फर्मेशन सिस्टिम हे सॉफ्टवेअर एनआयसीच्या पुणे केंद्रात तयार झालंय. महाराष्ट्र, पुणे, मग शिवाजीनगरचं कोर्ट निवडायचं. नावावरून, एफआयआर नंबरवरून किंवा केस नंबरवरून शोधता येतं. प्रत्येक केसला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ती प्रायमरी की. नावं सारखी असू शकतात, सीएनआर नाही. म्हणून नावावरून सापडलं की सीएनआर टिपून घ्यायचा आणि पुढे त्यानेच शोधायचं.

तिसरी पायरी वॉरंट, आणि इथे लोक गोंधळतात. सगळ्या वॉरंटची एक वेगळी सार्वजनिक यादी आहे असं समजू नका. वॉरंट केसच्या पोटात असतं. केस उघडा, तारखांचा इतिहास बघा, पुढची तारीख कशासाठी आहे ते बघा, अपलोड झालेले आदेश वाचा. 'बीडब्ल्यू' म्हणजे जामीनपात्र वॉरंट, 'एनबीडब्ल्यू' म्हणजे अजामीनपात्र. ऑनलाइन आदेश दिसत नसेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा: वॉरंटला एक्सपायरी डेट नसते. ते बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत जिवंतच राहतं. कोथरूडमध्ये भाड्याने राहणारे दर दोन-तीन वर्षांनी फ्लॅट बदलतात. चेक बाउन्सच्या केसचं समन्स जुन्या पत्त्यावर जातं, इकडे पत्ताच नसतो, आणि मग समन्सचं वॉरंट होतं. असं काही दिसलं तर घाबरून गप्प बसू नका. वकिलामार्फत त्याच कोर्टात हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज करता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००. कोठडीत असलेल्या माणसाला तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

हे सगळं आत्ता सांगण्याचं खरं कारण वेगळं आहे. 'डिजिटल अरेस्ट'. मुलं परदेशात, घरी दोघंच ज्येष्ठ, अशी घरं कोथरूडमध्ये किती आहेत तुम्हाला माहीत आहे. त्यांना व्हिडिओ कॉल येतो, गणवेशातला माणूस दिसतो, व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेलं वॉरंट येतं, आणि कुणाला सांगायचं नाही अशी तंबी मिळते. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. खऱ्या वॉरंटवर कोर्टाचं नाव, न्यायाधीशाची सही आणि शिक्का असतो, त्यामागे एक केस असते आणि ते घेऊन येणाऱ्याला मागितल्यावर दाखवावं लागतं. व्हिडिओ कॉलवर पैसे भरून ते मिटत नाही. म्हणून केस नंबर मागा, ई-कोर्ट्सवर टाका, कोथरूड पोलीस ठाण्यात चौकशी करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०.

आणि शेवटी दुसरी बाजूही सांगतो. हे पोर्टल म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर शेजाऱ्याचा स्क्रीनशॉट टाकायचं साधन नव्हे. एफआयआर ही तक्रारीची नोंद आहे, निकाल नाही. अटक झालेला माणूस निर्दोष सुटू शकतो, आणि एकाच नावाची चार माणसं एकट्या पौड रोडवर निघतील. स्थळ बघताना किंवा भाडेकरू ठेवताना नुसत्या नावाच्या सर्चवर कुणाला गुन्हेगार ठरवलंत, तर पुराव्याशिवाय शिक्षा देणाऱ्या त्या १८२७ च्या रेग्युलेशनपेक्षा आपण वेगळं काय केलं?

तर या आठवड्यात एवढं एक काम करा. घरी आई-बाबांच्या किंवा आजी-आजोबांच्या फोनवर ई-कोर्ट्सचं ॲप टाका, एकदा शोधून दाखवा, आणि १९३० नंबर सेव्ह करून द्या. भेटू पुढच्या भागात.