वार्ता एक, वयें अनेक

आकस्मिक मृत्यूची वार्ता सर्वांस एकच असते. परंतु ती ज्याच्या कानीं पडते त्याच्या वयाप्रमाणें तिचा अर्थ पालटतो. मराठ्यांच्या इतिहासांतील एका प्रसंगावरून हें पाहूं.

२८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदेच्या कांठीं रावेरखेडी येथें पहिला बाजीराव पेशवा अल्पशा ज्वरानें कालवश झाला. वय अवघें ३९. त्याच वर्षाच्या आरंभीं त्यानें नासिरजंगास नमविलें होतें. अशा पुरुषाचा अंत इतक्या लवकर होईल, असें कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हतें.

त्या वेळीं धाकटा बंधु चिमाजी अप्पा व थोरला पुत्र नानासाहेब हे दोघेहि कुलाब्याकडे मानाजी आंगऱ्याच्या साह्यास गेले होते. चिमाजीनें तिशी ओलांडली होती. आदल्याच वर्षीं त्यानें वसई घेतली होती. ज्याच्या खांद्यास खांदा लावून राज्याचा भार वाहिला, तो जोडीदार गेला. बरोबरीच्या माणसाचा मृत्यु आपल्याहि आयुष्याचा हिशेब पुढें मांडतो. चिमाजीची प्रकृति आधींच खालावलेली होती; त्याच वर्षीं डिसेंबरांत तोहि गेला.

नानासाहेब १९ वर्षांचा. तरुणास शोकाला सवड मिळत नाहीं. वार्तेबरोबर कामहि अंगावर येतें. पेशवाईसाठीं रघूजी भोसल्यानें बाबूजी नाइकाचें नांव पुढें केलें होतें. अखेर २५ जून रोजीं शाहू महाराजांनीं वस्त्रें नानासाहेबास दिलीं.

शाहू महाराज त्या वेळीं ५८ वर्षांचे होते. सातव्या वर्षींच पित्याचा वध व मोगलांची कैद त्यांच्या वांट्यास आली. १७२० सालीं बाळाजी विश्वनाथ वारला, तेव्हां त्यांनींच १९ वर्षांच्या बाजीरावास पेशवा केलें होतें. वीस वर्षांनीं त्यांनीं पुन्हां तोच निर्णय केला. ज्यानें बहुत मरणें पाहिलीं, त्याच्या दुःखामागून लगेच पुढची व्यवस्था उभी राहते.

घरांत धाकटा रघुनाथ सहाव्या वर्षांत होता. त्या वयास मृत्यु म्हणजे कोणी परत न येणें, एवढेंच. त्याचा पुरा अर्थ पुढील वर्षें शिकवितात. आणि वृद्ध राधाबाई! पति आधींच गेलेला. आतां आठ महिन्यांच्या आंत दोन्ही पुत्र गेले. ती माउली त्यानंतरहि १७५३ पर्यंत जगली.

मीं शाळेंत हा प्रसंग सांगितला, कीं मुलें विचारीत, “मग पेशवा कोण झाला?” हाच प्रसंग वडीलधाऱ्या मंडळींत निघाला, कीं प्रश्न येई, “त्या आईनें कसें सोसलें असेल?” दोन्ही प्रश्न आपापल्या वयास शोभणारेच.

म्हणून आपल्या घरीं असा प्रसंग ओढवला, तर खेळावयास गेलेल्या मुलास निष्ठुर, कामास लागलेल्या तरुणास कोरडा किंवा डोळ्यांत पाणी न आणणाऱ्या वृद्धास उदासीन म्हणण्याची घाई करूं नये. दुःख प्रत्येकाच्या ठायीं असतें. वयाप्रमाणें त्याची भाषा मात्र निराळी असते.